स्टेलाबाईंची संध्याकाळची परीक्षा

भिंगारच्या स्टेलाबाई त्रेसष्टाव्या वर्षी नशेबाज ठरल्या. तोवर आयुष्यात त्यांनी चहापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी घोटभर द्राक्षरस मिळायचा, तोही त्यांना आंबट लागायचा.

नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या नगरला आल्या आणि मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या. तिथं तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. त्या भाकऱ्या खाऊन काही मुली नर्स झाल्या, काही शिक्षिका झाल्या, एक पोलीस झाली आणि स्टेलाबाईंच्या कमरेचा भुगा झाला. एका डॉक्टरांनी आठ दिवसांपुरती दुखण्याची गोळी लिहून दिली. ते आठ दिवस सहा वर्षं चालले. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला फार अदबशीर होता. स्टेलाबाई लांबून येताना दिसल्या की तो पाकीट काढून काउंटरवर ठेवायचा, चिठ्ठी वगैरे विचारून म्हाताऱ्या बाईला त्रास द्यायचा नाही. आणि गोळी होतीही गुणाची. ती घेतली की कंबर तर गप्प बसायचीच, पण शांतवनरावांचं बोलणंही लांबच्या खोलीतून आल्यासारखं वाटायचं. हा फायदा डॉक्टरांनी कागदावर लिहिला नव्हता.

शांतवनराव म्हणजे त्यांचे यजमान, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माईकवरून सांगण्यात त्यांची उमर गेली. नोकरी सुटली तेव्हा माईक स्टँडवरच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. जेवण झाल्याचं, आंघोळीला निघाल्याचं, पाणी आल्याचं ते घरात जाहीर करत. सून मोनिका पहिल्या वर्षी दचकायची. पुढं तीही सरावली.

मग एक दिवस मेडिकलवर तपासणी आली आणि मेडिकलवाल्याची अदब संपली. चिठ्ठीशिवाय गोळी मिळणार नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्टेलाबाईंचं नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, पोट बिघडलं, आणि पाय तर झोपेत कुणाला तरी लाथा मारल्यासारखे उडायला लागले. मोनिका म्हणाली डेंगू. मुलगा रॉबिन सुप्याच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाता जाता म्हणाला, बाहेरचं खाल्लं असेल. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. ती इतकी सविस्तर झाली की मधे दोनदा स्टेलाबाईंना उठून मागं जावं लागलं. शेवटी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी साधं विचारलं की आजवर कोणती गोळी घेत होता. नाव ऐकलं, तोंड गंभीर केलं आणि सांगितलं की ही अफूच्या जातीची गोळी आहे, हे व्यसन आहे, व्यसनमुक्ती केंद्रात जा.

शांतवनरावांना हे पटायला फार जड गेलं. आपल्या घराण्यात कुणी तपकीर ओढली नाही, असं त्यांनी त्या बाईंना फलाट क्रमांक सांगावा तसं सांगितलं. शेजारीपाजारी त्यांनी मणक्याला शेक द्यायला नेतोय अशी बातमी लावली. दर आठवड्याला शेक घेऊन आलेल्या स्टेलाबाई शेजारणींना मणक्याबद्दल काहीबाही सांगत आणि घरात येऊन हसत.

केंद्रातल्या रांगेत सगळे पुरुष होते. ट्रकवाले, एमआयडीसीतली पोरं, एक माजी पैलवान. पहिल्या दिवशी ते स्टेलाबाईंना कुणाची तरी आई समजले. त्याही पेशंट आहेत म्हटल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी खुर्ची मोकळी करून दिली. महिन्याभरात कुणाची बायको माहेरी गेली, कुणाची परत आली, हे सगळं मावशींना ठाऊक झालं. उपचार म्हणजे जुन्या गोळीची तलफ मोडणारी रोजची एक गोळी. बाकीच्या दिवसांच्या गोळ्या घरी द्यायच्या, पण आठवड्यातून एकदा तिथं नर्ससमोर घ्यायची. ती गिळायची नाही, चावायची नाही. जिभेखाली ठेवून आपोआप विरघळू द्यायची, आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मधेच तोंड उघडलं तर गोळी काढून खिशात घातली असा संशय घेतात, कारण तशी काढून विकणारे महाभाग रांगेत होतेच. व्यसन सोडण्यापेक्षा हे मौन स्टेलाबाईंना जास्त जड गेलं.

त्यांना गुण मात्र आला. पाय शांत झाले, जेवण जाऊ लागलं, कंबरही बेताची राहिली. आणि नेमकी तेव्हाच खर्ड्याहून लेकीची, कृपाची बातमी आली. कृपा तिथं शाळेत शिकवायची, जावई अमृतराव टेम्पो चालवायचे. पहिल्या मुलानंतर आठ वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि ते आता भरत आले होते. सासू हयात नाही, थोरल्याची शाळा सोडून नगरला येता येत नाही. मम्मी, तूच ये, एवढंच ती म्हणाली. पण जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याहून दर आठवड्याला गोळीसाठी नगर गाठायचं तर बाळंतीण सांभाळायची कुणी?

केंद्रातल्या डॉक्टर स्नेहल म्हणाल्या की बघू. वयाने तरुण बाई, बोलायला गोड. केंद्रात येणाऱ्या साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती आणि लक्ष दिवसभरात कसं वरखाली होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी त्यांनी स्टेलाबाईंच्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून दिला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोबाईल टिंग करणार. मग सारखी चिन्हं जुळवायची, चौकोनात लाल ठिपके कुठं होते ते आठवायचं, आणि किराण्याच्या वस्तूंचे भाव दाखवतील ते लक्षात ठेवायचे. दोन आठवडे हे करा, सगळं ठीक दिसलं तर पंधरा दिवसांच्या गोळ्या एकदम देते, खुशाल खर्ड्याला जा, असं त्या म्हणाल्या. यात पास-नापास काही नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. शांतवनराव शेजारीच बसले होते. त्यांनी फक्त परीक्षा हा शब्द ऐकला.

सकाळचा खेळ स्टेलाबाई ओट्यावर चहा पिता पिता खेळायच्या. दुपारचा जेवण उरकून. दोन्हींत त्यांना मजा वाटायची, फक्त भावांवरून त्यांचं मोबाईलशी भांडण व्हायचं, कारण त्याने सांगितलेल्या भावात तूरडाळ नगरच्या बाजारात कुणी चाखायलाही दिली नसती. संध्याकाळी मात्र मोबाईल वाजायचा तेव्हा त्यांचे दोन्ही हात परातीत असायचे.

"राहू दे, तुझे हात पिठाचे आहेत. मी करतो," शांतवनराव पहिल्याच दिवशी म्हणाले.

यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. त्या घरात स्टेलाबाईंच्या नावाचं जे जे काही असे ते शांतवनरावच उरकत. बँकेत तेच जात, गॅसचा नंबर तेच लावत, त्यांची सहीसुद्धा ते त्यांच्यापेक्षा सुबक करत. मतदानाला निघताना कुठलं बटण दाबायचं तेही दारातच जाहीर होई, आणि स्टेलाबाई आत जाऊन दुसरंच दाबून येत. तेव्हा मोबाईल घेऊन ते पडवीत जाऊन बसले, यात नवल ते काय? मोनिका एकदा म्हणाली, पप्पा, ते मम्मीनीच करायचं असतं. त्यावर ते म्हणाले की लग्न लावताना पाळकांनी आम्हाला एक केलंय ते काय फक्त रेशनकार्डापुरतं? आत येऊन ते रोज जाहीर करत की सगळं बरोबर आलं.

दोन आठवडे झाले. स्टेलाबाईंनी डिंकाचे लाडू वळले, दुपटी शिवली, पिशवी भरून दारामागं ठेवली आणि दोघं केंद्रात गेले. त्या दिवशी गर्दी होती. नर्सने गोळी जिभेखाली ठेवली आणि तसंच त्यांना आत पाठवलं, मॅडमना वेळ नाही, बसल्या बसल्या विरघळेल म्हणून.

डॉक्टर स्नेहलनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला.

"मावशी, सकाळी तुम्ही छान आहात. दुपारी पण छान. पण संध्याकाळी हे बघा."

पडद्यावर तीन रेघा होत्या. दोन सरळ चालल्या होत्या. तिसरी ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखी खाली गेली होती. ठिपके आठवत नाहीत, भाव आठवत नाहीत, आणि पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात जास्तच घसरण आहे, असं डॉक्टर सांगत होत्या. गोळीचा जोर संध्याकाळी जास्त होत असेल, किंवा आणखी काही सुरू होत असेल. काहीही असलं तरी आता पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात देणं धोक्याचं, घेतल्याचं विसरून दुसरी घेतली तर झोपेत श्वास अडकायचा. गोळी कमी करून बघू, आणि काही दिवस रोज इथं येऊन समोरच घ्या. खर्ड्याचं जमायचं नाही.

गोळी कमी म्हटल्यावर स्टेलाबाईंचे पाय खुर्चीखाली आपोआप आखडले. ते उडणारे पाय, ते नाक, ती मागच्या दाराची धावपळ अंगाला पाठ होती. आणि खर्डा तर गेलाच. त्यांनी घशातून आवाज काढला आणि बोट नवऱ्याकडं केलं.

"बोलू नका मावशी, विरघळू द्या ती," डॉक्टर म्हणाल्या.

स्टेलाबाईंनी मग शांतवनरावांकडं पाहिलं. आता ते सांगतीलच. सांगण्यात तर त्यांचा जन्म गेला. त्यांनी घसा साफ केला, ताठ बसले.

"संध्याकाळी ती थकते, मॅडम. माझ्याही लक्षात आलंय ते."

स्टेलाबाईंची जीभ जागच्या जागी कडक झाली.

शांतवनरावांनी एवढ्यावर सोडलं नाही. ती चहात दोनदा साखर घालते, म्हणाले. डब्यात मीठ असताना पुन्हा मीठ आणते. परवा बाजारात सायकल विसरून पायी घरी आली. आता स्टेलाबाईंना सायकल कधी चालवताच आली नव्हती, पण डॉक्टरांना ते कुठून कळणार? त्या मान डोलावत लिहून घेत होत्या. स्टेलाबाई एकेक ऐकत होत्या आणि एकेक प्रसंग त्यांच्यासमोर उभा राहत होता, साडीऐवजी पॅन्ट घातलेला, चष्मा लावलेला, दोन पुडे मीठ हातात घेतलेला. तेव्हा त्या आणि मोनिका हसल्या होत्या. बाई दोनदा मीठ आणू लागली तर घर तिला दवाखान्यात नेतं. पुरुषाने आणलं तर निदान बाजारात जातो तरी, म्हणून कौतुक करतं. हा गृहस्थ इथं बसून स्वतःच्या दुखण्याची सगळी हकीकत खरी खरी सांगत होता, फक्त वर नाव बायकोचं लावून.

थुंकून टाकावी गोळी आणि बोलावं, असं एकदा आलं त्यांच्या मनात. पण थुंकली तर दिवस वाया, वर गोळी काढली म्हणून शेरा, आणि नशेबाज बाईच्या शेऱ्यानंतरच्या बोलण्याला किंमत किती? त्या ओठ मिटून बसल्या. आयुष्यात इतका वेळ इतक्या रागात इतक्या गप्प त्या कधी बसल्या नव्हत्या. गोळी मात्र आपल्या चालीने विरघळत होती, तिला काय घाई?

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "उघडा तोंड." त्यांनी बॅटरीने जिभेखाली पाहिलं.

"संध्याकाळचं मी न्हाई केलं," स्टेलाबाई बॅटरीच्या उजेडातच बोलल्या. "ह्यांनी केलं. समदं. त्या टायमाला मी भाकरी थापत असते. सुनंला इचारा."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली.

"मला सायकल येत न्हाई," स्टेलाबाईंनी पुढं जोडलं.

शांतवनराव म्हणाले की चष्म्याचा नंबर बदललाय, आणि त्या मोबाईलला संध्याकाळी उजेड पुरत नाही. डॉक्टरांनी पडदा पुन्हा स्वतःकडं वळवला आणि ती तिसरी रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यानंतर त्यांनी पाहिलं ते शांतवनरावांकडं. रागावल्या नाहीत. दोन आठवड्यांचा माझा अभ्यास मात्र तुम्ही पाण्यात घातला काका, एवढंच म्हणाल्या. मावशींनी संध्याकाळपर्यंत इथंच थांबायचं, माझ्यासमोर खेळ करायचा, मग ठरवू. आणि काका, तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय.

दिवसभर दोघं बाहेरच्या बाकावर बसले. रांग हलत होती, ओळखीची पोरं मावशी मावशी करून जात होती. पैलवानाने वडापाव आणून दिले. उन्हं कलली तेव्हा स्टेलाबाईंनी तोंड उघडलं.

"तुमाला ठावं हुतं."

"पहिले दोन दिवस वाटलं खेळच अवघड आहे," ते म्हणाले. "मग कळलं. तांदळाचा भाव दाखवायचा, आणि पुढची वस्तू येईतोवर तो जायचा. असा जायचा, की आला होता की नाही तेच समजायचं नाही. मग मी येईल ते बटण दाबायचो."

"मग आत का न्हाई बोलला?"

शांतवनरावांनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर बिडी ओढणाऱ्या सांगाड्याचं चित्र होतं.

"तुझ्या नावावर एक आहेच, म्हटलं," ते म्हणाले. "त्यात आणखी एक खपून जाईल."

जवळ लाटणं नव्हतं म्हणून बरं. स्टेलाबाईंच्या कानातून धग निघाली. म्हणजे नशेबाज बायको काय कचऱ्याचा डबा, घरात जे नको ते तिच्यात टाकायचं? लोकांत मला मणक्याची केली, डॉक्टरपाशी येडी केली, लेकीच्या बाळंतपणाला मुकवत हुता, असं त्यांनी एकेक मोजून ऐकवलं. आवाज चढला तशी रांगेतली पोरं शिस्तीने दुसरीकडं बघायला लागली.

"मग मी काय करू?" शांतवनराव म्हणाले.

हे ते हळू म्हणाले. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू. एवढ्या वर्षांत स्टेलाबाईंनी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. राग तर होताच, तो काही पळून गेला नव्हता. पण तो ठेवायचा कुठं हे कळेना.

"पानी आना," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् येताना परत हितंच या. दुसऱ्या कुनाच्या बायकोपाशी बसू नगा."

शांतवनराव उठले. चार पावलं गेल्यावर त्यांचे खांदे हलले. हसले असावेत.

संध्याकाळी डॉक्टरांच्या टेबलापाशी मोबाईल वाजला तेव्हा मात्र स्टेलाबाईंनी हात पदराला पुसले, हाताला पीठ नसताना. संध्याकाळची ही परीक्षा त्या पहिल्यांदाच देत होत्या. आपलीही रेघ खाली गेली तर? सहा वर्षं गोळ्या खाल्ल्यात, डोक्यात काय शिल्लक असेल कुणी सांगावं? चिन्हं जुळली. ठिपक्यांत एक चुकला. भाव आले तेव्हा तूरडाळ बघून त्या पुटपुटल्या की ह्या भावात किडकी बी मिळत न्हाई, पण दाखवलेलाच आकडा मुकाट्याने दाबला. कृपासाठी मोबाईलच्या खोटेपणावर पांघरूण घातलं.

सकाळपेक्षा थोडं कमी होतं. संध्याकाळी एवढं सगळ्यांचंच उतरतं, डॉक्टर म्हणाल्या, माझंही उतरतं. गोळी आहे तेवढीच ठेवली आणि पंधरा दिवसांच्या लिहून दिल्या. फक्त नियम असा की या गोळ्या पेशंटच्या हातात देत नाहीत, घरातल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात देतात. कागदावर त्या माणसाचं नाव होतं शांतवन. डॉक्टरांचं पेन त्या नावापाशी थांबलं.

"लेकीच्या ताब्यात द्या," स्टेलाबाई म्हणाल्या. "ह्यांना बी तिच्याच ताब्यात देते. हितं ठेवून गेले तर मोनिका मिठात बुडंल."

डॉक्टरांनी कृपाला फोन लावला. परत आल्यावर काकांना घेऊन या, मेंदूच्या डॉक्टरांकडं मी स्वतः पाठवते, असं सांगितलं. शांतवनरावांनी येतो म्हटलं. कधी, ते स्टेलाबाईंनी विचारून घेतलं.

खर्ड्याला मुलगी झाली. कृपाने गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. ती रोज सकाळी एक काढून द्यायची आणि विरघळेपर्यंत मास्तरणीसारखी समोर उभी राहायची, पोटाला टाके असताना. पप्पांचं तिला सांगितलं होतं. झालं, आल्यापासून ती आणि अमृतराव जाता-येता त्यांना चाचपून बघायला लागले. पप्पा, आज वार कोणता? पप्पा, आपण कधी आलो? शांतवनराव वार सांगायचे, कधी बरोबर, कधी शेजारचा. आणि मग अर्धा दिवस गप्प बसायचे. दहाव्या दिवशी स्टेलाबाईंनी दोघांना चुलीपाशी बोलावून सांगितलं की माणूस पाव्हना आलाय, वार इचारायला कॅलेंडर हाय.

त्या संध्याकाळी शांतवनराव नातीला मांडीवर घेऊन दारात बसले होते. शेजारच्या केशरबाई बाळंतिणीला बघायला आल्या आणि दारातच त्यांनी विचारलं, "आजोबा, काय नाव ठेवलं नातीचं?"

आत कृपाचा हात थांबला. अमृतराव टेम्पोची किल्ली हातात घेऊन उभे राहिले. स्टेलाबाईंनी परातीतून मान वर केली.

"नाव अजून ठेवलेलं नाही," शांतवनराव खणखणीत आवाजात म्हणाले. "बाप्तिस्म्याला ठेवणार."

ते खरं होतं. घरात कुणालाच बाळाचं नाव माहीत नव्हतं.

"कृपा," स्टेलाबाई पीठ मळता मळता हळूच म्हणाल्या, "आमी हितं हाय तंवर नाव ठेवू नगं गं."